तरल थरातील बॉयलर-नळ्यांचे स्टडद्वारे संरक्षण

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ व त्याच्या भोवतालचा मुलूख हा धानाचा मुलूख होय. धान भरडले असता त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस म्हणून निघतो, आणि उकडा तांदूळ तयार करण्यास लागणारी वाफ या तुसावरच निर्माण करता येते. इंधन म्हणून तूस स्वस्त असला तरी तो निरुपद्रवी नाही. त्याच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के राख मागे राहते व त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. वायूंबरोबर वेगाने वाहणारी ही राख वाटेतील नळ्यांना घासते. अशा झिजेचे प्रमाण वेगाच्या साधारणतः तिसऱ्या घाताने वाढते.

लहान गिरण्यांत तूस जाळीवर जाळला जातो. मोठ्या बॉयलरांत मात्र खालून हवा सोडून उकळत्या द्रवाप्रमाणे हलत ठेवलेल्या वाळूच्या थरात ज्वलन घडविण्याची पद्धत आहे. या तरल थराचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सियस असते. ज्या बॉयलरांत पाण्याच्या नळ्या थरातच बुडविलेल्या असतात, तेथे राखेपेक्षाही वाळूचा मारा अधिक जाचक ठरतो. थरातून वर चढणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांमागे वाळू उसळते व ती नळीच्या खालच्या अंगावर आदळते. त्यामुळे नळी सर्व बाजूंनी सारखी न झिजता मुख्यतः खालून पातळ होत जाते.

यावरील उपाय म्हणून नळीच्या खालच्या अर्ध्या भागावर पोलादाचे आखूड खुंट, म्हणजेच स्टड, ओळीने वेल्ड केले जातात. स्टडांमुळे नळीलगतच्या वाळूची सरळ धाव मोडते. कण स्टडांच्या दरम्यान अडकून मंद होतात आणि उरलेला मारा स्टडांची टोके सोसतात. झिजणारा भाग अशा रीतीने दाब सहन करणाऱ्या भिंतीपासून दूर नेला जातो. स्टड झिजला तर तो बदलता येतो. नळी फुटली तर मात्र बॉयलर थांबवावा लागतो व माणसांच्या जिवालाही धोका संभवतो.

तथापि स्टड जितका लांब तितके संरक्षण अधिक, हा समज चुकीचा आहे. स्टडला मिळालेली उष्णता त्याच्या बुडातून नळीतील पाण्याकडे जाते. स्टडला थंड राखणारा दुसरा मार्ग नाही. उदाहरणादाखल थराचे तापमान ८५० अंश, बुडाचे ३०० अंश, स्टडचा व्यास १२ मिलिमीटर, पोलादाची उष्णतासंवाहकता दर मीटर-अंशास ४० वॉट आणि उष्णता-संक्रमण गुणांक दर चौरस मीटर-अंशास २५० वॉट असा धरावा. मग १५ मिलिमीटर लांबीच्या स्टडचे टोक सुमारे ४४५ अंशांवर राहते, तर २५ मिलिमीटर लांबीच्या स्टडचे टोक सुमारे ५६५ अंशांवर जाते. या दुसऱ्या तापमानाच्या आसपास साध्या कार्बन पोलादावर पापुद्रे धरू लागतात व ते झपाट्याने नष्ट होते.

या गणितात बुडाचा संपूर्ण छेद नळीशी एकजीव झाला आहे असे गृहीत धरले आहे. वेल्डिंग केवळ कडेने झाले व मध्ये पोकळी राहिली, तर उष्णतेचा मार्ग अरुंद होतो आणि आखूड स्टडही तापून जळतो. उलट, अति खोल वेल्डिंगने नळीची भिंतच दुबळी होते. म्हणून वेल्डिंगची परीक्षा हाच या उपायाचा गाभा होय. नमुन्याचा स्टड हातोड्याने वाकवून पाहणे आणि सांध्याचा छेद घेऊन तो तपासणे, या दोन चाचण्या याकरिता उपयोगी पडतात. भारतीय बॉयलर विनियम, १९५० यांनी प्रमाणित वेल्डरची अट घातली, तिचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

सारांश, स्टड झीज नाहीशी करीत नाही. ती सोयीच्या जागी हलवितो. प्रत्येक वार्षिक तपासणीत स्टडांची उरलेली लांबी व नळीची जाडी मोजून नोंदविल्यासच या संरक्षणावर विसंबता येते.