नवे कपडे गरजूंना कसे उपयोगी पडतात? : वस्त्रदानाचा सामाजिक अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी समजतील :
१. वस्त्राची गरज ही केवळ शरीर झाकण्यापुरती का नसते;
२. दान केलेला नवा कपडा आरोग्य, शिक्षण आणि रोजगार यांवर कसा परिणाम करतो;
३. कोणते वस्त्रदान उपयोगी पडते आणि कोणते वाया जाते.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मूलभूत गरजा आपण शाळेपासून पाठ करतो. अन्न आणि निवारा यांवर भरपूर चर्चा होते, वस्त्र मात्र मधल्या मधे राहून जाते. चंपारण सत्याग्रहाच्या काळातील (१९१७) एक प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत नोंदवला आहे. भितिहरवा परिसरातील काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसत. त्या ते धूत का नाहीत, हे विचारायला त्यांनी कस्तुरबांना पाठवले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि आत दुसरे लुगडे ठेवायला पेटी किंवा कपाट काहीच नाही, हे दाखवले. अंगावरचे लुगडे हे तिचे एकमेव वस्त्र होते. ते धुवायचे तर वाळेपर्यंत नेसायचे काय?

बाहेरून पाहणाऱ्याला जो अस्वच्छतेचा प्रश्न वाटला, तो प्रत्यक्षात दुसऱ्या वस्त्राच्या अभावाचा होता. या उदाहरणापासून आपण पुढे जाऊ.

१. शरीर आणि आरोग्य

कपडा स्वतः ऊब निर्माण करत नाही. तो अंगाभोवती हवेचा स्थिर थर अडकवून ठेवतो आणि शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कपडा ओला झाला की धाग्यांमधील हवेची जागा पाणी घेते आणि हे संरक्षण संपते. म्हणून पुरातून बाहेर काढलेल्या माणसाला, विशेषतः तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना, कोरडे कपडे लगेच लागतात.

मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेत प्रत्येक व्यक्तीला किमान दोन पूर्ण पोशाख मिळावेत असे म्हटले आहे. ते योग्य मापाचे आणि तेथील संस्कृती, ऋतू व हवामान यांना साजेसे असावेत, अशीही अट आहे. ‘दोन’ हा आकडा का, हे चंपारणच्या प्रसंगावरून कळते : एक अंगावर, एक धुण्यासाठी.

अंतर्वस्त्रे आणि मासिक पाळीसाठी लागणारे कापड यांबाबत नवेपणाला आणखी महत्त्व आहे. दुसऱ्याने वापरलेली अंतर्वस्त्रे कोणी स्वीकारत नाही आणि ती देणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही. तरीही देणगीच्या गाठोड्यांत साड्या आणि शर्ट भरपूर असतात, पण या वस्तू क्वचितच आढळतात.

२. समाजात वावरण्याची क्षमता

अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक असा सदरा न वापरताही सुखाने जगत होते. परंतु स्मिथ यांच्या काळातील युरोपात साध्या मजुरालाही त्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणजे गरज कोणती, हे शरीराबरोबर समाजही ठरवतो. अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला. लाज न वाटता चारचौघांत वावरता येणे ही त्यांच्या मते माणसाची एक महत्त्वाची क्षमता आहे.

शाळेचा गणवेश हे याचे उत्तम उदाहरण. गणवेश नसलेले मूल अनेकदा घरीच राहते. पश्चिम केनियातील काही शाळांमध्ये एका स्वयंसेवी संस्थेने सोडत काढून मुलांना मोफत गणवेश दिले. संशोधकांनी गणवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना केली. गणवेश मिळालेल्यांची गैरहजेरी सुमारे एक तृतीयांशाहून अधिक घटली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात ही घट सर्वांत मोठी होती. मात्र काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा एकूण शिक्षणावर टिकून राहिलेला परिणाम दिसला नाही. याचा अर्थ, गणवेश मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. पुढचे काम अध्यापनाचे आहे.

भारतात समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलग्यांना वर्षाला दोन गणवेश देण्याची तरतूद आहे.

३. विणकरांचा रोजगार

नवा कपडा देताना तो कोणीतरी विणलेला आणि शिवलेला असतो. तमिळनाडूमध्ये १९८३ पासून पोंगलच्या निमित्ताने गरीब कुटुंबांना मोफत साडी आणि धोतर देण्याची योजना चालते. गरिबांना वस्त्र आणि हातमाग व यंत्रमागावरील विणकरांना काम, असा तिचा दुहेरी हेतू आहे. तेलंगणात २०१७ पासून बतुकम्मा सणासाठी साड्या देण्यात आल्या, तेव्हा सिरसिल्ला येथील यंत्रमाग कामगारांना त्यातून मोठे काम मिळाले.

४. दान केव्हा फसते?

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे आले. त्यांतील पुष्कळसे जुने, फाटके किंवा स्थानिक लोकांच्या वापराबाहेरचे होते. ते रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले आणि ते हटवणे हे मदतयंत्रणेसाठी वेगळेच काम होऊन बसले.

कपडा नवा असला म्हणजे पुरेसे आहे, असेही नाही. तेलंगणात पहिल्याच वर्षी काही ठिकाणी महिलांनी निकृष्ट दर्जाची तक्रार करत त्या साड्या जाळल्या. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये गणवेशाची व्यवस्था मध्यवर्ती पद्धतीने केली गेली. गणवेश उशिरा मिळाले, मापात बसत नाहीत, अशा तक्रारी आल्या आणि ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आली. मुलाचे माप त्याच्या शाळेला माहीत असते, मंत्रालयाला नव्हे.

‘गूंज’ या १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या संस्थेने वेगळी वाट निवडली. शहरांतून आलेले कपडे निवडून, दुरुस्त करून ती ग्रामीण भागात पाठवते. तेथील लोक विहीर, रस्ता, बांध असे गावाचे काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. जुन्या कपड्यानेही मान राखता येतो, पण त्यासाठी निवड, स्वच्छता आणि घेणाऱ्याचा सहभाग लागतो, हे या प्रयोगातून दिसते.

सारांश

नव्या कपड्याचा उपयोग तीन पातळ्यांवर होतो : तो शरीराचे रक्षण करतो, माणसाला शाळेत, कामावर आणि समारंभात मोकळेपणाने जाऊ देतो, आणि विणणाऱ्या-शिवणाऱ्या हातांना काम देतो. हे तिन्ही लाभ मिळण्यासाठी माप, ऋतू, चालीरीत आणि दर्जा यांचा विचार घेणाऱ्याच्या बाजूने करावा लागतो. ‘माझ्याकडे काय जास्त आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘त्यांना काय हवे आहे?’ हा प्रश्न आधी विचारला, तर दान उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. ‘गरज समाजही ठरवतो’ हे विधान वस्त्राच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. केनियातील गणवेश प्रयोगाचे तात्कालिक आणि दीर्घकालीन निष्कर्ष वेगळे का असावेत?
३. तुमच्या महाविद्यालयाने पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करायचे ठरवले, तर आवाहनात कोणत्या पाच सूचना द्याल?