दफ्तर सोडून निघालेला कवी

1051 सालच्या अखेरीस बसऱ्यातल्या एका हमामखान्याच्या दारात दोन भाऊ येऊन उभे राहिले. थंडी मी म्हणत होती. अरबस्तानचे वाळवंट तुडवून आलेल्या त्या दोघांकडे नेसूची जुनी लुंगी आणि पाठीवर टाकायला फडक्याचा तुकडा, एवढेच उरले होते. डोक्यावरचे केस तीन महिने उतरवलेले नव्हते. त्यांच्यातल्या एकाने पुस्तके ठेवायची पिशवी विकली, आलेली चिल्लर कागदात गुंडाळली आणि हमामवाल्यापुढे धरली. घटकाभर बसू दे, अंगावरचा मळ निघेल, एवढीच विनंती. हमामवाल्याने दोघांना वेड्यात काढून हाकलून दिले. बाहेर रस्त्यावरची पोरे मागे लागली आणि दगड भिरकावू लागली.

त्याच सुमारास अहवाझच्या राजाचा वजीर बसऱ्यात होता. एका ओळखीच्या इराणी विद्वानाकरवी त्याचे बोलावणे आले. पण या अवतारात जायचे कसे? पाहुण्याने स्वतः जाण्याऐवजी चिठ्ठी धाडली. आपली हलाखी तिच्यातून कळेल आणि आपली योग्यताही मजकुरावरून जोखता येईल, असा त्याचा दुहेरी हिशेब होता. तो बरोबर ठरला. वजिराने कपड्यांसाठी तीस दिनार पाठवले, शिवाय उंटवाल्याचे थकलेले भाडेही चुकते केले. नव्या कपड्यांत दोघे पुन्हा त्याच हमामात गेले, तेव्हा नोकरचाकर अदबीने उभे राहिले. परवा हाकलले ते हेच, असे ते आपसांत अरबीत कुजबुजले. पाहुण्याने अरबीतच उत्तर दिले, हो, तेच आम्ही.

हा पाहुणा म्हणजे नासिर खुस्रौ. अकराव्या शतकातला फारसी कवी, तत्त्वज्ञ आणि शिया पंथाच्या इस्माइली शाखेचा मोठा विद्वान. वरचा प्रसंग त्याने स्वतःच आपल्या ‘सफरनामा’ या प्रवासवर्णनात लिहून ठेवला आहे, कसलाही आडपडदा न ठेवता. याच पुस्तकात आयुष्यातली सर्वांत मोठी घटना मात्र त्याने लपवली आहे. ती शोधायला त्याच्या कवितेकडे जावे लागते.

चाळीस वर्षांची झोप

नासिरचा जन्म 1004 सालचा, आजच्या दक्षिण ताजिकिस्तानातल्या कुबादियान इथला. घराणे सरकारी नोकरीतले. गणित, वैद्यक, ग्रीक तत्त्वज्ञान, अरबी-फारसी साहित्य असे सगळे शिकून तो महसूल खात्यात लागला. गझनीच्या सुलतानांचा दरबार त्याने तरुणपणी पाहिला. पुढे 1040 मध्ये सेल्जुक तुर्कांनी गझनवींना खोरासानातून हुसकले, तेव्हा मर्व शहरात नव्या धन्याच्या दफ्तरात त्याचे काम सुरू राहिले. पैसा होता, मान होता आणि मद्याची सवयही होती.

1045 साली कामानिमित्त जूझजान प्रांतात असताना महिनाभर तो रोज पीत होता. एका रात्री स्वप्नात कुणीतरी त्याला हटकले : हे किती दिवस चालणार? दुःख हलके करायला शहाण्यांना यापेक्षा बरे काही सापडले नाही, असे याचे उत्तर. बेशुद्धीत कसला आराम, शहाणपण वाढवील असे काही शोध, असे बजावून त्या माणसाने किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेकडे बोट दाखवले. जाग आल्यावर, आपण चाळीस वर्षांच्या झोपेतून उठलो, असे नासिरला वाटले. मर्वला येऊन त्याने राजीनामा दिला, हिशेब चुकते केले आणि मार्च 1046 मध्ये वाट धरली.

बरोबर भाऊ अबू सईद होता आणि एक हिंदी गुलाम पोरगा. शहराशहरांतले तट, विहिरी, दुकानांची भाडी टिपणाऱ्या या लेखकाने त्या पोराचे नाव मात्र कुठे दिलेले नाही.

मोजणारी नजर

‘सफरनामा’ वाचताना कळते, की माणसाने नोकरी सोडली तरी दफ्तर त्याच्या डोक्यात होतेच. शहर आले की तटाची उंची, वेशींची संख्या, पाणी कुठून येते, बाजारभाव काय, हे आधी. तबरीझमध्ये त्याला कतरान नावाचा कवी भेटला. जुन्या फारसी कवींच्या काव्यसंग्रहांतले अडलेले शब्द त्याने नासिरकडून समजावून घेतले. सीरियातल्या मअर्रा गावी अंध महाकवी अबुल अला अल-मअर्री राहत होता. गावात त्याचा शब्द चालतो, पण स्वतः तो भाकरीच्या तुकड्यावर राहतो आणि दोनशेहून अधिक विद्यार्थी दूरदूरहून त्याच्यापाशी शिकायला येतात, अशी नोंद नासिर करतो. त्रिपोलीत चांगला कागद बनतो, समरकंदच्या कागदापेक्षाही सरस, हेही सुटत नाही.

जेरुसलेमच्या पवित्र आवाराची लांबी-रुंदी त्याला हवी होती. अंदाजावर त्याचे समाधान होईना. आधी सगळी जागा नीट पायाखाली घालू, मग मोजू, असे त्याने ठरवले. फिरता फिरता उत्तरेकडच्या भिंतीत त्याला एक शिलालेख सापडला : लांबी 704 गज, रुंदी 455. भाविक म्हणून आलेला माणूस तिथे भूमापकही असतो, आणि त्या दोघांत त्याला विरोध वाटत नाही.

कैरोचे दिवस

ऑगस्ट 1047 मध्ये तो कैरोत पोचला. हे शहर फातिमी खलिफांनी 969 साली वसवले. फातिमी हे इस्माइली शिया. सहावे इमाम जाफर अस-सादिक 765 साली वारले, तेव्हा ज्यांनी त्यांचा मुलगा इस्माइल याची वंशपरंपरा मानली, ते इस्माइली. बगदादच्या सुन्नी अब्बासी खलिफांपुढे फातिमींनी आपली स्वतंत्र खिलाफत उभी केली होती. नासिर गेला तेव्हा गादीवर तरुण अल-मुस्तनसिर होता.

इथे नासिरच्या लेखणीला बहर येतो. शहरात सुलतानाच्या मालकीची वीस हजार दुकाने आहेत आणि त्यांचे भाडे महिना दोन ते दहा दिनार, असा त्याचा अंदाज. शेजारच्या जुन्या शहरात मजल्यांवर मजले चढलेली घरे. त्यांतल्या एका सातमजली घराच्या गच्चीवर कुणी बाग केली होती. मालकाने एक वासरू वर नेऊन वाढवले, त्याचा बैल झाला आणि तो गच्चीवरच रहाट ओढून पाणी चढवू लागला. तिथे संत्री-केळी पिकत. दुकानदार एकच भाव सांगतात. कुणी गिऱ्हाइकाला फसवले तर त्याला उंटावर बसवून, हातात घंटा देऊन गावभर फिरवतात आणि आपला गुन्हा त्यालाच ओरडून सांगायला लावतात.

ईदच्या मेजवानीची तयारी पाहायची म्हणून त्याने दरबारातल्या एका ओळखीच्या माणसाला गळ घातली आणि आदल्या दिवशी आत शिरकाव मिळवला. मांडणीत एक झाड होते, संत्र्याच्या झाडासारखे. खोड, फांद्या, पाने, फळे सगळी साखरेची. नाईलचा कालवा फोडण्याच्या सोहळ्यात सजवलेले हजारो घोडे पुढून गेले आणि मागून खलिफा आला, साध्या पांढऱ्या कपड्यांत, खेचरावर बसून. ते साधेपण नासिरच्या मनात भरले.

जे प्रवासवर्णनात नाही

कैरोत तो तीनेक वर्षे राहिला. पण केवळ बाजार बघायला कुणी एवढे दिवस राहत नाही. या काळात त्याने इस्माइली पंथाची दीक्षा घेतली आणि खोरासानचा ‘हुज्जत’, म्हणजे त्या प्रदेशातला पंथाचा सर्वोच्च प्रतिनिधी, हा अधिकार घेऊन तो बाहेर पडला. ‘सफरनामा’त याबद्दल चकार शब्द नाही.

ती कहाणी एका कसीद्यात, म्हणजे दीर्घ कवितेत, येते. त्यात तो जन्मसालही सांगतो आणि मनातले कोडेही. पैगंबरांनी एका झाडाखाली अनुयायांकडून निष्ठेची शपथ घेतली आणि तेव्हा त्यांच्या हातांवर ईश्वराचा हात होता, असे कुराण सांगते. मग तो हात आज कुठे आहे? नंतर जन्मलेल्यांनी कुणाच्या हातात हात द्यायचा? एकेका पंथाच्या पंडितांना तो विचारत गेला आणि प्रश्न विचारू नकोस, मान, हेच उत्तर ऐकत गेला. शेवटी एका नगरीच्या द्वारपालाने त्याला कारणांसह औषध दिले. हा द्वारपाल म्हणजे फातिमी धर्मखात्याचा प्रमुख विद्वान अल-मुअय्यद शिराझी, असे अभ्यासक मानतात. तोही कवीच होता.

इस्माइली विचारात प्रत्येक धर्माज्ञेला दोन बाजू असतात : जाहिर म्हणजे बाहेरचे रूप आणि बातिन म्हणजे आतला अर्थ. नमाज, रोजा, हज यांच्या आतल्या अर्थाची उकल नासिरने ‘वज्ह-ए-दीन’ या ग्रंथात केली. मात्र आतला अर्थ कळला म्हणून बाहेरचा आचार सोडणाऱ्यांनाही त्याने फटकारले. स्वतः चार वेळा हज केली. त्याच्या लेखनालाही हाच नियम लावता येतो. ‘सफरनामा’ हे त्या प्रवासाचे जाहिर आहे, कविता हे बातिन. एकच वाचली तर माणूस अर्धाच हाती लागतो.

परतीची वाट आणि युमगान

परतताना अरबस्तानात फलज नावाच्या उजाड वस्तीत तो चार महिने अडकला. जवळ पुस्तकांच्या दोन करंड्यांखेरीज काही नाही, आणि त्या उपाशी माणसांना पुस्तकांचे काय! त्याच्याकडे थोडा शेंदरी आणि निळा रंग होता. सहज म्हणून त्याने मशिदीच्या भिंतीवर एक ओळ लिहिली, भोवती पानांची वेल काढली. लोक गोळा झाले. मेहराबचा कोनाडा असाच रंगवून दे, शंभर मण खजूर देतो, म्हणाले. खजुरासाठी माणसे जीव घेत आणि देत, अशा ठिकाणी ही मजुरी अफाट होती. त्यावर भावांचे पोट चालले. पुढे बसरा आणि तो हमामखाना.

ऑक्टोबर 1052 मध्ये तो खोरासानातल्या बल्खला पोचला. आडवाटा सोडून 2,220 फर्संग झाले, असा शेवटचा हिशेब त्याने दिला आहे. फर्संग म्हणजे साधारण सहा किलोमीटर.

प्रवास संपला आणि खरी परीक्षा सुरू झाली. सेल्जुक सुन्नी होते, बगदादच्या खलिफाचे पाठीराखे. त्यांच्या राज्यात फातिमींचा प्रचारक म्हणजे धर्मभ्रष्टही आणि शत्रूचा हस्तकही. लोक खवळले, नासिरला घरदार सोडून पळावे लागले. आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शान डोंगरांत, युमगानच्या खोऱ्यात, अली बिन असद या इस्माइली अमिराने त्याला आसरा दिला. उरलेले आयुष्य तिथेच गेले. 1070 पर्यंत तो लिहीत होता हे नक्की. मृत्यूचे साल परंपरेने 1088 मानले जाते.

त्याचे बहुतेक मोठे लेखन या हद्दपारीतले आहे. ‘जाद अल-मुसाफिरीन’ या ग्रंथात त्याने वैद्य-तत्त्वज्ञ अबू बक्र अल-राझीची मते तपशीलवार मांडून खोडली. राझीचे मूळ ग्रंथ पुष्कळसे नष्ट झाल्यामुळे, त्याचा विचार काय होता हे आज जाणून घ्यायला या विरोधकाचाच आधार लागतो. ‘जामी अल-हिक्मतैन’मध्ये ग्रीक तत्त्वज्ञान आणि धर्मज्ञान यांचा मेळ घातला. विद्येची भाषा अरबी असताना हे सगळे तत्त्वज्ञान त्याने फारसीत लिहिले. दोन शतकांनी महानुभावांनी आपले शास्त्र मराठीत आणले, त्याच जातीचा हा निर्णय.

त्याच्या कवितेत प्रेयसी नाही, मद्य नाही, दरबारी राजस्तुती तर नाहीच. गझनीच्या सुलतान महमूदचे गोडवे गाणाऱ्या उन्सुरीसारख्या दरबारी कवीवर तो कोरडे ओढतो. बुद्धी, वाणी, काळाची फसवणूक आणि युमगानचा एकांत हे त्याचे विषय. शब्दकळा खडी, उपदेश पुष्कळ. पण घराची आठवण आली की हाच कठोर माणूस खोरासानकडे जाणाऱ्या वाऱ्याशी बोलू लागतो.

मुंबईचा धागा

नासिरने खेचरावर पाहिलेला अल-मुस्तनसिर 1094 साली वारला आणि वारसावरून इस्माइलींत फूट पडली. थोरला मुलगा निझार याला मानणाऱ्यांच्या परंपरेतले आजचे आगाखानी खोजे. धाकट्या मुस्तअलीच्या परंपरेतले बोहरे. मुंबईत शतकाहून अधिक काळ शेजारी नांदणाऱ्या या दोन्ही समाजांना तो खलिफा आपला इमाम वाटतो. अल-मुअय्यदची कविता बोहऱ्यांनी जपली. नासिरला मात्र पामीरच्या डोंगराळ इस्माइलींनी पीर मानले. तिथे मृताच्या घरी ‘चिराग-ए-रौशन’ हा दिवा लावण्याचा विधी होतो, तो नासिरनेच सुरू केला असे ते सांगतात. त्याच्या धार्मिक ग्रंथांच्या हस्तलिखित प्रतीही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरांत सांभाळल्या.

निझारी परंपरेचे इमाम आगाखान पहिले एकोणिसाव्या शतकात इराणातून येऊन मुंबईत स्थिरावले, तेव्हापासून पामीरची धर्मदेणगी खिंडी ओलांडून मुंबईकडे येऊ लागली. 1923 साली आगाखान तिसऱ्यांनी पीर सबझअलींना दूत म्हणून उलट दिशेने, बदख्शानच्या अनुयायांकडे पाठवले. व्लादिमिर इवानोव हा रशियन पंडित क्रांतीनंतर मायदेश सोडून हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबईत रमला. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी यांच्यासह काहींनी 1930 च्या दशकात इथे इस्लामी संशोधनाची संस्था उभी केली, तिच्यात इवानोव होता. 1946 साली मुंबईत इस्माइली सोसायटी निघाली आणि नासिरवरचे इवानोवचे पुस्तक 1948 मध्ये इथेच प्रसिद्ध झाले.

त्याआधी ‘सफरनामा’ 1881 मध्ये पॅरिसला फ्रेंच भाषांतरासह निघाला होता. पुढच्याच वर्षी उर्दू कवी हाली यांनी तो दिल्लीत छापला. त्यामुळे जगाला आधी प्रवासी नासिर भेटला, विद्वान नासिर बराच उशिरा. आज दोन्ही बाजूंची पुस्तके छापील मिळतात. हातात घेणाऱ्याने सुरुवात प्रवासवर्णनाने करावी, कारण ते रसाळ आहे. पण तिथे थांबू नये. दुकानांची भाडी मोजणारा आणि झाडाखालचा हात शोधणारा, दोघे एकच आहेत. पुराव्यावाचून जेरुसलेमच्या आवाराचे माप जो मान्य करत नाही, तो धर्म तरी का मान्य करील?