इंग्रजीतला ‘तू’ गेला कुठे?

शाळेत बाईंना आपण ‘तुम्ही’ म्हणतो आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला ‘तू’. इंग्रजीत मात्र बाई असोत, मित्र असो, नाहीतर दारातलं मांजर असो, सगळ्यांना एकच ‘यू’! मग इंग्रजांकडे ‘तू’ नव्हताच का?

होता तर! त्यांचा ‘तू’ म्हणजे ‘दाऊ’. फार पूर्वी समोर एक जण असला की ‘दाऊ’ म्हणायचे, मग तो राजा का असेना. ‘यू’ लागायचा अनेकांशी बोलताना. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, ‘तुम्ही’ म्हणतात. हळूहळू ही रीत इंग्रजीनेही उचलली. मानाच्या माणसांना ‘यू’. मित्र, मुलं, नोकरचाकर यांना ‘दाऊ’.

आणि इथून गंमत सुरू झाली, कारण आता ‘दाऊ’ म्हणून अपमानही करता येऊ लागला! १६०३ साली सर वॉल्टर रॅले या नामवंत दर्यावर्दी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक इतके चिडले, की भर न्यायालयात त्यांनी रॅलेला ‘दाऊ’ म्हटलं आणि ‘मी मुद्दामच म्हणतोय’ असंही ठणकावलं. म्हणजे थेट अरेतुरेच!

त्याच शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या क्वेकर पंथाच्या लोकांनी उलटंच केलं. देवापुढे सगळे सारखे, मग न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणायचं! त्यापायी त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, काहींनी मारही खाल्ला. मला ही माणसं फार धीट वाटतात. एका सर्वनामासाठी मार खाणं सोपं नाही.

बाकीच्यांनी मात्र सुरक्षित वाट धरली. कुणाचा अपमान नको, म्हणून सरसकट ‘यू’. त्यामुळे ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला. तो उरला प्रार्थनेत, कवितेत आणि यॉर्कशायरसारख्या भागातल्या काही जुन्या माणसांच्या तोंडी. गंमत बघा, आपणही विठोबाला ‘तू’च म्हणतो!

म्हणजे आजची इंग्रज मुलं मांजरालाही खरं तर ‘तुम्ही’ म्हणतात. आणि हो, जुन्या इंग्रजी कवितेत ‘दाऊ आर्ट’ असं दिसलं, तर चित्रकलेशी त्याचा काही संबंध लावू नका. त्याचा अर्थ एवढाच : ‘तू आहेस’.