पंचगंगा आणि आपण ऊस उत्पादक



लावण, बेणे आणि खतांच्या मात्रा याविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळी विषय नदीचा आहे. पण तो उसापासून वेगळा नाही.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीस तिचा संगम आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. पावसाळ्यात वाडीच्या मंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार होते, तेव्हा स्नानासाठी लोक रात्री-अपरात्री धाव घेतात. तेच पाणी उन्हाळ्यात तोंडात घ्यायला मन धजत नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली व कित्येकांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही.

पाणी बिघडते कसे?

कोल्हापूरचे सांडपाणी जयंती, दुधाळी अशा नाल्यांतून येते. प्रक्रिया केंद्रे झाली, तरी नाला ओसंडला की मैला सरळ नदीत उतरतो. खाली कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी मिळते. काठच्या गावांची गटारे आहेतच. पण शहराकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. नदीकाठी साखर कारखाने आहेत आणि आपला ऊसही आहे.

पाण्यातील घाण कुजताना प्राणवायू खाते. हे माप बी.ओ.डी. या नावाने सांगतात. नदीत सोडायच्या पाण्यात ते लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. घरगुती सांडपाण्यात ते २०० ते ३०० असते, तर आसवनीच्या मळीमिश्रित पाण्यात ४० हजारांच्याही वर जाते. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू असतो अवघा आठ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे असे एक घागर पाणी पाच हजार घागरी नदीचा प्राणवायू संपवू शकते!

त्यात उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी तुंबते, घाण तळाशी बसते. बरगे काढले की ती एकदम खाली जाते आणि तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मेलेल्या माशांचा खच पडतो.

ऊसदर आणि नदी

सांडपाण्यावरचा खर्च म्हणजे आमच्या दरातून गेलेला पैसा, असे काही सभासद म्हणतात. पैसा आपलाच, हे खरे. पण नदीही आपलीच. खालच्या गावात आपलीच लेक नांदते आणि तिच्या घरचा नळ याच नदीवर चालतो. कारखान्याचे मालक आपण आहोत, तेव्हा सांडपाण्याचे काय होते हे वार्षिक सभेत दराइतक्याच जोराने विचारा. तो आपला हक्क आहे, अन् जबाबदारीही. प्रेसमड व मळीचे पाणी कुजवून केलेले खत आपल्याच शेतात येते, म्हणजे हा पैसा सगळा वाया जात नाही.

शेतात काय करावे?

१) आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो, तर सुरूस २५० किलो नत्राची शिफारस आहे. दुप्पट युरिया टाकून ऊस दुप्पट होत नाही. जादा नत्र पाण्याबरोबर ओढ्याला जाते आणि जलपर्णी माजते.

२) नत्र चार हप्त्यांत विभागून द्या : लावणीस १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीस ४० टक्के. खत मातीआड करा.

३) वीज आली म्हणून रातभर मोटर सोडून झोपू नका. शिरोळ भागात क्षारपड जमीन कशी वाढली, ते पाहून या. जमेल त्याने ठिबक करावे.

४) पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा. ओल टिकते, पाणी कमी लागते.

५) फवारणीचा पंप नदी-ओढ्यात धुऊ नका, रिकामे डबेही टाकू नका.

नदीला आपण आई म्हणतो, ओटी भरतो. ती भरताना प्लॅस्टिकची पिशवीही पाण्यात सोडतो, हे बरे नव्हे. वरील पाचातले निदान एक काम या हंगामात प्रत्येकाने करावे. खताचे वेळापत्रक व ठिबकाची माहिती गट कार्यालयात मिळेल. आम्ही आपल्या फडावर येऊनही सांगू.

— ऊस विकास अधिकारी