रूळ आणि गाव (भाग ६) : बार्शीची छोटी गाडी

गेल्या आठवड्यात आपण भुसावळ पाहिलं. रेल्वे आली आणि साध्या खेड्याचं शहर झालं. बार्शीचं तसं नाही. इथली पेठ रेल्वेच्या आधीची होती, भरलेली होती, आणि तरीही रेल्वे तिला चुकवून गेली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पुण्याकडून येणारी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली. तिनं बार्शी वीसेक मैल बाजूला ठेवली. पेठेसाठी जे स्टेशन दिलं त्याचं नाव ‘बार्शी रोड’, आणि ते होतं कुर्डुवाडीला. बार्शी तालुका इंग्रजांचा, पण बहुतेक बाजूंनी निजामाच्या मुलखानं वेढलेला. बालाघाटापलीकडचा कापूस, गळिताचं धान्य, भुसार हे सगळं बैलगाड्यांनी बार्शीच्या आडत दुकानांत उतरायचं, तिथे त्याचा सौदा व्हायचा आणि मग पुन्हा गाड्या जुंपून ते स्टेशनवर न्यायचं. हा शेवटचा वीस मैलांचा रस्ता पेठेला फार महाग पडत होता. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की महागाईच्या आधी माल पोचेल की नाही हीच चिंता.

हे दुखणं ओळखणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो त्याच पेनिन्सुला कंपनीत नोकरीला होता. शाखा टाकायची तर मोठ्या लाइनचाच खर्च कशाला, हा त्याचा प्रश्न. मोठ्या लाइनची रुंदी साडेपाच फूट. त्यानं अडीच फुटी लाइन मांडली. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, असा समज त्या काळी होता. कॅलथ्रॉपनं कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा नियम धरून इंजिन आणि डबे आखले. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल हलके चालले, वळणं चढणीला धरून घेता आली, आणि माल मात्र भरपूर वाहता आला. (पुढे याच माणसानं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. अवजड गोष्टी हलक्या करण्याचा त्याला ध्यासच असावा.) १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली, १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. हलक्या रेल्वेच्या इतिहासात बार्शीचं नाव जगभर घेतलं जातं ते या आखणीमुळे. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

आता पेठेवर काय परिणाम झाला ते पाहू. बार्शी हे रुळाचं शेवटचं टोक होतं, आणि माझ्या मते सगळं इंगित इथेच आहे. जिथे रूळ संपतो तिथे बैलगाडी येऊन थांबते. जिथे बैलगाडी थांबते तिथे माल उतरतो, तोलला जातो, साठवला जातो. आडत्या, तोलणार, हमाल, गोदामवाला, सावकार या सगळ्यांचं पोट त्या उतरण्यावर चालतं. बार्शीत कापूस दाबून गाठी करणारे कारखाने चालले, पुढे गिरण्या आल्या. नुसती गाडी थांबून निघून गेली असती तर गावाला स्टेशन मिळालं असतं, पेठ वाढली नसती.

दुसऱ्या टोकाला कुर्डुवाडी. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर जाऊ शकत नाही, म्हणून तिथे प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यावी लागे. व्यापाऱ्याला तो खर्च आणि खोळंबा. कुर्डुवाडीला मात्र तोच रोजगार. शेजारी छोट्या लाइनचा कारखानाही झाला आणि एका स्टेशनाभोवती गाव जमलं.

१९०६ मध्ये लाइन पंढरपूरला गेली. वारीच्या दिवसांत प्रवाशांचे डबे अपुरे पडत, आणि मालाच्या डब्यांतूनही वारकरी जात. १९२७ मध्ये तीच बाजू मिरजेला भिडली. पण बार्शीच्या दृष्टीनं मोठी घटना त्याआधीची : १९११ मध्ये रूळ लातूरला पोचले. ज्या मुलखातला माल बार्शीला यायचा त्यालाच आता दारात डबा मिळाला. टोक पुढे सरकलं. बार्शीची पेठ मोडली नाही, तिची मुळं खोल होती. पण तिचा एकहाती हक्क गेला आणि लातूरची भुसार पेठ वर आली.

याच लाइननं लातूर तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं त्याच्या मुख्य गावाला, धाराशिवला, बाजूला टाकलं. गाडी येडशीवरून पुढे निघून जायची. कचेऱ्या धाराशिवात, बाजार लातुरात, अशी विभागणी कित्येक दशकं राहिली. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामागे राजकारण होतं, शेती होती, शिक्षण होतं. तरी पेठेचा पाया रुळानं घातला होता हे नाकारता येत नाही. पुढे छोटीच्या जागी मोठी लाइन टाकताना मार्ग धाराशिववरून वळवला गेला आणि २००७-०८ च्या सुमारास जिल्ह्याच्या गावाला शेवटी गाडी मिळाली.

कंपनी १९५४ मध्येच सरकारनं घेतली होती. छोटी लाइन गेल्यावर कुर्डुवाडीतली मालाची अदलाबदल संपली, कारखाना राहिला. रस्त्यावरच्या ट्रकनं बार्शीचा माल त्याआधीच बराच उचलला होता. लातूरला आता रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा राहिला आहे. पुढच्या भागात त्या पेठेकडे वळू : १९११ नंतर तिथे कोण व्यापारी आले, कुठून आले आणि निजामाच्या हद्दीतल्या या गावानं त्यांना कसं सामावून घेतलं.