पहिला गेमिंग संगणक, भाग ५ : खोक्यावरचे वॉट, आतले वॉट

एका वाचकाने लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून आणलेल्या कोटेशनचा फोटो पाठवला आहे. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी, आरटीएक्स ५०६०. निवड चोख आहे, मागचे चार भाग वाया गेले नाहीत म्हणायचे. पण शेवटची ओळ बघा : ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस – २,४००’. समोर काच, आत तीन रंगीत पंखे, आणि त्याच पैशांत एसएमपीएससुद्धा! पंख्यांचे आणि काचेचे पैसे वजा केले, तर त्या एसएमपीएसच्या वाट्याला किती उरले याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

एसएमपीएसचं काम तसं सरळ आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी द्यायची. यातले १२ व्होल्ट आपल्या कामाचे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः त्यावरच चालतात. नव्वदच्या दशकात असं नव्हतं, तेव्हा मोठा भार ५ व्होल्टवर असायचा. पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरला वेगळी १२ व्होल्टची वायर आली आणि गणित बदललं. बाजारातले सातशे-आठशे रुपयांचे एसएमपीएस मात्र अजून बऱ्याच अंशी त्या जुन्या गणितावरच बनतात.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेलं लेबल वाचा. तिथे एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा. स्वस्तातल्या ‘४५० वॉट’वाल्यावर १६ अँपिअर दिसले, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. बाकीचे वॉट कुठे गेले? काही ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात, जिथे तुमच्या संगणकाला त्यांची फारशी गरज नाही. आणि काही फक्त छापखान्यात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच जागी ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट. जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. लेबल वाचू न देता ‘साहेब, चालतंय, बिनधास्त घ्या’ म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडलेलं बरं.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेला छोटा लाल खटका दिसला, तरी ओळखा की आतली रचना जुनी आहे. आजच्या बऱ्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्याला खटका लागत नाही. काहींवर ‘१००–२४०’ छापलेलं असतं, काहींवर ‘२००–२४०’. पुण्या-मुंबईत याने फरक पडणार नाही. पण रब्बीत पंप सुरू झाले की ज्यांच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं, त्यांनी पहिलाच प्रकार घ्यावा, चारशे रुपये जास्त गेले तरी.

आता या वाचकाच्या संगणकाला लागणार किती? रायझन ५ ५६०० पूर्ण ताणला तर ७६ वॉट. आरटीएक्स ५०६० चे १४५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साठेक धरू. बेरीज २८० च्या आसपास. ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदांपुरतं छापील आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलायची हौस येतेच. म्हणून ५५० वॉट पुरेसे, चार हजारांच्या आसपास. एक उलटा प्रकारही चालतो. गिऱ्हाईक जरा जाणकार दिसलं की त्याच्या गळ्यात ७५० वॉट मारतात. हे पैसेही वायाच, तेवढ्यात एसएसडी मोठी होते.

‘८० प्लस’च्या शिक्क्याबद्दल बरेच जण विचारतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर ८५ टक्के, गोल्ड म्हणजे ९०. वाचकाच्या २८० वॉटसाठी ब्राँझ भिंतीतून साधारण ३३० ओढेल, गोल्ड ३११. रोज तीन तास खेळलं तर वर्षाला फरक वीसेक युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले तर दोनशे रुपये. गोल्डला दीड-दोन हजार जास्त पडत असतील, तर ते वसूल व्हायला सात-दहा वर्षं लागतील.

आणि या शिक्क्यावरून गाडी लिटरला किती किलोमीटर देते तेवढंच कळतं, ब्रेक लागतात का ते नाही. गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे दोन्ही एसएमपीएस गोल्ड होते. २०२१ मध्ये गेमर्स नेक्सस या अमेरिकी चॅनेलने ते तपासले तेव्हा त्यातले अनेक चाचणीतच जळाले, काही ठिणग्या उडवून. जास्त भार आल्यावर स्वतःला बंद करणारी त्यांची मर्यादा फार वर ठेवलेली होती. कंपनीने ती पुढे खाली आणली आणि बदलून देण्याची सोय केली. सांगायचं कारण एवढंच, की नुसतं मोठं नाव बघून घेऊ नका. त्या विशिष्ट मॉडेलची कोणी भार टाकून चाचणी केली आहे का ते शोधा, आणि पाच वर्षांची वॉरंटी असेल तर जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या.

वायरींबद्दल थोडंसं. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी. साटा वायरीवरून आठ पिनचं ॲडाप्टर लावून काम भागवणारे कारागीर आहेत, पण साटाचं कनेक्टर ५४ वॉटपुरतं असतं आणि आठ पिनांकडून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास तिथूनच येतो. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. खोबणी जुळतात, आतली जोडणी जुळेलच असं नाही, आणि हार्ड डिस्क पहिल्या सेकंदालाच जाते.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका ‘यूपीएस मोड’वर ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर सोळाएक मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, बहुतेकांत ते ३६० च असतात.

सगळं जोडून झाल्यावर कॅबिनेटला हात लावला की बोटाला झिणझिण्या येतात, अशी तक्रार दर वेळी असते, आणि दोष एसएमपीएसला दिला जातो. खरं तर चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारं फिल्टर असतं, ते अगदी थोडा करंट पत्र्याकडे सोडतं आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. जुन्या इमारतींत तिसरं भोक बोर्डावर असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. अशा वेळी एसएमपीएस बदलून आणायला लॅमिंग्टन रोड गाठू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पुढच्या आठवड्यात कॅबिनेट : काच, जाळी आणि मे महिना.