नाकाला काम, डोक्याला खुराक

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर भर दुपारी तक्रार येते : चौथ्या मजल्यावरचं कुत्रं तासभर भुंकतंय. संध्याकाळी घरची माणसं परततात, तर सोफ्याची उशी फाटलेली असते आणि चपलेचा अंगठा चावून टाकलेला असतो. कुत्र्याला ओरडा बसतो आणि ते ‘द्वाड’ ठरतं. खरं तर त्याला वेळेवर खायला मिळतं, लसी टोचलेल्या असतात, पंख्याखाली गादी असते, घरातली मुलं त्याच्यावर जीव टाकतात. फक्त काम नसतं. दिवसाचे आठ-नऊ तास रिकामं बसलेलं हुशार जनावर स्वतःच काहीतरी उद्योग शोधतं, आणि तो आपल्याला रुचेलच असं नाही. घरातल्या कुत्र्याच्या पुष्कळशा खोड्यांचं मूळ या रिकामपणात आहे. उपायही तिथूनच सुरू करावा लागतो.

कामासाठी घडलेलं जनावर

लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली राबत. थंडगार पाण्यात उडी मारून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणं हे त्यांचं काम. त्यांचा वंशज आज ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मोजे आणि रिमोट तोंडात धरून हिंडतो, तो त्याच वारशामुळे. बीगल सशाचा माग नाकाने काढण्यासाठी, जर्मन शेफर्ड मेंढरांचा कळप सांभाळण्यासाठी, तर आपल्या दख्खनचा कारवान माळावर सशामागे धावण्यासाठी तयार झाला. गावठी कुत्र्याने पिढ्यान्‌पिढ्या वस्तीची राखण केली. जिन्यात पाऊल वाजलं की ते भुंकतं यात नवल नाही. जातीचं रूप पाहून आपण पिल्लू आणतो, पण रूपाबरोबर ती जुनी कामंही घरात येतात. त्यांना वाट करून द्यावीच लागते.

आपल्या कायद्यानेही हे ओळखलं आहे. १९६०च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं ११वं कलम मारहाणीपुरतं थांबत नाही. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा मालकाने केलेली क्रूरता आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

फेरी कुत्र्याची, घाई आपली

बहुतेक घरांत ‘फिरवणं’ म्हणजे शी-शूसाठी दहा मिनिटं खाली नेणं. कुत्रं खांबापाशी हुंगायला थांबलं की आपण पट्टा ओढतो. त्याच्या दृष्टीने मात्र फेरीचा सगळा अर्थ त्या हुंगण्यात असतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या साधारण पन्नास-साठ लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात, काही जातींत त्याहूनही अधिक. इथून कोण गेलं, नर की मादी, कधी गेलं, हे सगळं त्याला त्या खांबापाशी समजतं.

शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने वस्तू शोधण्याचे खेळ दिले, इतरांना मालकाच्या पायाला लागून चालण्याचा सराव दिला. त्याआधी आणि त्यानंतर दोन्ही गटांपुढे रिकामं की भरलेलं हे न कळणारं भांडं ठेवलं. नाकाचं काम केलेली कुत्री त्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागली, म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल या आशेने. दुसऱ्या गटात हा बदल दिसला नाही.

म्हणून रोजच्या दोन फेऱ्यांपैकी निदान एक फेरी कुत्र्याच्या मर्जीने होऊ द्या. पट्टा थोडा लांब, सैल धरा. अंतर कमी पडलं तरी चालेल. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी आणि रस्ता निवाल्यावरच बाहेर पडा. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून पाहा; पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर पंजेही भाजतील. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून शरीर थंड करणं अवघड जातं, त्यांना दुपारी बाहेर नेऊच नका.

ताटलीला सुट्टी

वाडगाभर अन्न कुत्रं दोन मिनिटांत संपवतं आणि पुन्हा रिकामं होतं. तेच अन्न शोधून, उकलून मिळवायला लावलं तर अर्धा तास मजेत जातो. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. जुना टॉवेल पसरून त्यात भाकरीचे बारके तुकडे किंवा कोरडं खाद्य टाका आणि गुंडाळी करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांखाली तुकडे लपवा; आधी खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. कुत्र्याला एका खोलीत थांबवून दुसरीत चार कोपऱ्यांत खाऊ ठेवा आणि ‘शोध’ म्हणा. सुरुवातीला सोपं ठेवा, जमू लागलं की अवघड करा. मुंबई-कोकणातल्या झडीच्या पावसात फेरी बुडते, तेव्हा हे खेळ फार उपयोगी पडतात.

चावणं हीसुद्धा गरज आहे, विशेषतः दात येणाऱ्या पिल्लाची. त्याच्या हक्काची चावायची वस्तू समोर असेल, तर चपला वाचतात. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका. त्यांच्या टोकदार कपच्या होतात आणि आतडं फाडू शकतात.

शिकवणं म्हणजे दरारा नव्हे

कुत्र्यावर वचक ठेवून घरात ‘म्होरक्या’ व्हावं लागतं, हा समज अजून पुष्कळ शिकवणाऱ्यांकडे टिकून आहे. तो आला कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांतून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे दाखवून दिलं की रानातला कळप हे बहुधा आई-बाप आणि त्यांच्या पिल्लांचं कुटुंब असतं. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. धाक आणि वेदना वापरून शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं अधिक दिसली.

हवं ते वागणं घडलं की लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत, बक्षीस द्या. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ असे छोटे शब्द निवडा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. आजी ‘बैस’ म्हणते आणि मुलगा ‘सिट’, यात कुत्र्याचा गोंधळ होतो. दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं पुरतात. बेल वाजली की दाराशी धावण्याऐवजी आपल्या चटईवर जाऊन बसायला शिकवा. आधी घरच्याच माणसाला बेल वाजवायला सांगून सराव करा.

तासाभरापूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा कधीच करू नका. कान पाडून, नजर चुकवून उभं असलेलं कुत्रं आपल्याला अपराधी वाटतं. हॉरोविट्झ यांच्या २००९ सालच्या प्रयोगात हा चेहरा कुत्र्याने गुन्हा केला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ते कुत्रं आपल्या रागाला घाबरलेलं असतं.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. आधी मिनिटभर बाहेर जा, मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. जाताना चघळायला काहीतरी द्या. एकटं पडताच कुत्रं लाळ गाळत असेल, दार ओरबाडत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर तो हट्ट नव्हे, घबराट आहे. अशा वेळी पशुवैद्याला दाखवा. शांत कुत्रं अचानक गुरगुरू लागलं, तर आधी कुठे दुखतंय का ते तपासून घ्या.

आणि झोप मोडू नका. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. निजलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

सणाचे चार दिवस

माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंत. तेव्हा फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळची फेरी उजेडातच उरका. गळपट्ट्यावर फोन नंबर असू द्या, कारण घाबरलेली कुत्री पळून जातात. खिडक्या-पडदे लावलेल्या आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. पलंगाखाली लपलं तर ओढून काढू नका. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, तेव्हा ते जवळ आलं तर खुशाल थोपटा. दरवर्षी थरथरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधं असतात. पण पशुवैद्याला पहिला बार उडण्याआधी भेटा.

फराळाचे डबे उंचावर ठेवा. लाडू-चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण हेही विषारी आहेत, आणि काही शुगरफ्री मिठायांतलं झायलिटॉल तर अगदी थोडंही धोक्याचं.

सणाच्या सुट्टीत पिल्लू आणायचा बेत असेल, तर ते फटाक्यांचा धूर विरल्यावर आणा. तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं वय पिल्लाला जगाची ओळख करून देण्याचं असतं. त्या काळात बसलेली भीती दीर्घकाळ टिकू शकते. तोवर घरात एक गोष्ट ठरवून टाका : कुठली जात, कितीला, याआधी त्याला रोज सकाळ-संध्याकाळचा तास कोण देणार? त्या माणसाचं नाव पक्कं झालं, की मग पिल्लाचं नाव शोधायला बसा.